किरणोत्साराचा नकाशा वाचताना : कोकणकिनाऱ्यावरील वाचकासाठी मार्गदर्शक

किरणोत्साराची पातळी दाखवणारे सार्वजनिक नकाशे आता कोणालाही मोबाइलवर उघडता येतात. उत्तर कोकणात तारापूरच्या अणुभट्ट्या १९६९ पासून वीज देत आहेत, मुंबईत ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, राजापूर तालुक्यात माडबन-जैतापूरच्या नियोजित प्रकल्पावरून बरीच वर्षे वाद सुरू आहे आणि दक्षिणेला राज्याची हद्द ओलांडली की कारवारच्या बाजूला कैगा आहे. त्यामुळे अशा नकाशाचा एखादा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर आला की किनाऱ्यावरच्या गावांत त्याची चर्चा होणे स्वाभाविक आहे. अडचण एवढीच की हवामानाचा नकाशा वाचायची सवय आपल्याला आहे, या नकाशाची नाही. तापमान ३४ अंश म्हणजे काय हे अंगाला कळते, ताशी ०.११ मायक्रोसिव्हर्ट म्हणजे काय हे अंगाला कळत नाही. ते हिशेबाने आणि तुलनेने समजून घ्यावे लागते. ही तुलना दुसऱ्या गावाशी किंवा दुसऱ्या देशाशी करण्यापेक्षा आधी त्याच केंद्राच्या मागच्या नोंदींशी करावी. या लेखातील बहुतेक पायऱ्या त्या तुलनेपर्यंत पोहोचण्यासाठीच आहेत.

नकाशा कोणाचा आहे

सर्वप्रथम नकाशामागची यंत्रणा ओळखावी. काही नकाशे सरकारी जाळ्यांचे असतात. युरोपात देशोदेशींच्या हजारो केंद्रांची माहिती युर्डेप या सामायिक व्यवस्थेत एकत्र केली जाते, अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेचे रॅडनेट आहे, आणि भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले इंडियन एन्व्हायर्न्मेंटल रेडिएशन मॉनिटरिंग नेटवर्क म्हणजेच आयर्मॉन आहे, ज्याची केंद्रे देशभर पसरलेली आहेत. दुसरा प्रकार नागरिकांच्या नकाशांचा. मार्च २०११ मधील फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानमध्ये सुरू झालेला सेफकास्ट हा त्यांपैकी सर्वांत परिचित. यात हौशी माणसे स्वतःचे यंत्र गाडीत किंवा खिडकीत ठेवून नोंदी पाठवतात.

सरकारी केंद्रातील यंत्र ठरावीक उंचीवर, मोकळ्या जागी बसवलेले आणि वेळोवेळी प्रमाणित केलेले असते, परंतु त्याची माहिती किती तपशिलाने आणि किती तत्परतेने जनतेसमोर ठेवायची हे यंत्रणा ठरवते. नागरिकांच्या नकाशावर कच्ची माहिती लगेच दिसते, मात्र यंत्र गच्चीवर आहे, ग्रॅनाइटच्या ओट्यावर आहे की पावसात भिजते आहे, हे सहसा कळत नाही. या दोन प्रकारांतील एक खरा आणि दुसरा खोटा असे मानण्याचे कारण नाही. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

नागरिकांच्या नकाशांवर कोकणपट्टीचा बराच भाग रिकामा दिसू शकतो. रिकामी जागा म्हणजे शून्य किरणोत्सार नव्हे, तेथे मोजणारे कोणी नाही एवढाच तिचा अर्थ. याच्या उलट, काही नकाशे दोन दूरच्या केंद्रांमधील जागा अंदाजाने रंगवतात. मुंबईत एक आणि गोव्यात एक अशी दोनच केंद्रे धरून मधली सारी किनारपट्टी एका रंगात माखलेली दिसत असेल, तर त्या रंगावरून गुहागर किंवा मालवणविषयी काहीही सांगता येत नाही. म्हणून रंगीत पट्टा न पाहता ठिपका शोधावा आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवून आतली नोंद उघडावी.

आकड्यापुढचे एकक

ठिपका उघडल्यावर नजर आकड्यावर जाते, पण ती आधी एककावर जायला हवी. गोंधळाचे सर्वांत मोठे कारण येथेच आहे. शरीरावर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने किरणांची मात्रा सिव्हर्टमध्ये मोजतात. सिव्हर्ट हे फार मोठे एकक असल्यामुळे नकाशावर त्याचा दशलक्षावा भाग, म्हणजे मायक्रोसिव्हर्ट, किंवा त्याचाही हजारावा भाग, म्हणजे नॅनोसिव्हर्ट, वापरला जातो आणि तोही दर तासाचा असतो. ताशी ०.०८ मायक्रोसिव्हर्ट आणि ताशी ८० नॅनोसिव्हर्ट ही एकच गोष्ट आहे. एका नकाशावर ०.०८ पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या नकाशावर ८० दिसले, तर पातळी हजारपट वाढल्याचा भास होतो. काही ठिकाणी नॅनोग्रे हे एकक आढळते. गॅमा किरणांच्या (अणूंतून निघणाऱ्या, दूरवर आरपार जाणाऱ्या किरणांच्या) ढोबळ तुलनेसाठी ते नॅनोसिव्हर्टच्या जवळपास धरता येते, काटेकोर हिशेबात दोन्हींत थोडा फरक पडतो. जुन्या यंत्रांवर मायक्रोरॉन्टजेन असते. ताशी १० मायक्रोरॉन्टजेन म्हणजे साधारण ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्ट.

खरा घोटाळा करणारी नोंद ‘सीपीएम’ ही आहे. यंत्रातील नळीने एका मिनिटात किती वेळा किरणांची चाहूल घेतली, त्याची ही नुसती मोजणी असते. नळी जेवढी मोठी आणि संवेदनशील, तेवढी मोजणी अधिक. हौशी यंत्रांत सर्रास आढळणारी एसबीएम-२० ही नळी ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टला मिनिटाला १८ च्या आसपास ठोके देते. सेफकास्टच्या यंत्रातील चपटी नळी त्याच पातळीला ३० हून अधिक ठोके देते. रॅडनेटच्या केंद्रांवरील किरण टिपणाऱ्या मोठ्या यंत्रांची मोजणी तर मिनिटाला हजारांत जाते. हे हजारांचे आकडे उचलून त्यांची तुलना घरगुती यंत्राच्या तिशीशी करणारे संदेश फिरत असतात. नळी कोणती हे ठाऊक नसेल, तर सीपीएमच्या दोन आकड्यांची तुलना करूच नये. सीपीएम उपयोगी पडते ते एकाच यंत्राची आज आणि काल यांत तुलना करताना.

आणखी एक एकक बेकरेल. माती, पाणी, अन्न किंवा हवा यांत दर सेकंदाला किती अणूंचे विघटन होते ते त्यात सांगतात. त्यावरून शरीराला मिळणारी मात्रा थेट काढता येत नाही. कोणते मूलद्रव्य आहे आणि ते पोटात गेले की बाहेरच राहिले, हे माहीत असावे लागते. नकाशावर बेकरेल दिसले, तर तो वेगळ्या जातीचा नकाशा आहे असे समजावे.

वेळ आणि सरासरीचा कालावधी

नोंदीशेजारी तारीख आणि वेळ असते. ती नसेल, तर त्या नोंदीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये, कारण बंद पडलेल्या केंद्राचा जुना आकडा नकाशावर कित्येक महिने तसाच राहू शकतो. आंतरराष्ट्रीय नकाशांवर वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. तीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ मिळते. ही बेरीज क्षुल्लक वाटते, पण पुढे पावसाशी ताळा घालताना ती चुकली तर सगळाच ताळा चुकतो.

त्यानंतर आकडा किती वेळाच्या सरासरीचा आहे ते पाहावे. किरणोत्साराचे स्वरूपच असे आहे की अणूंचे विघटन ठरावीक ठेक्याने होत नाही. सरासरी मिनिटाला १८ ठोके देणाऱ्या नळीत एखाद्या मिनिटाला ११ पडतात, एखाद्या मिनिटाला २५. मोजणी जितकी, तिच्या वर्गमुळाएवढा चढउतार अपेक्षित असतो असा नियम आहे. १८ चे वर्गमूळ सव्वाचारच्या आसपास, म्हणून त्याच्या दुपटीएवढा, १० ते २६ असा फरक नेहमीचाच. दिवसाच्या १,४४० मिनिटांपैकी दोन-चार मिनिटांत तर ही मोजणी ३० च्याही वर जाते आणि यंत्र तिचे रूपांतर करून ०.१ च्या जागी ०.१७ मायक्रोसिव्हर्ट दाखवते. बाहेर काहीही घडलेले नसते. याच नळीची तासाभराची मोजणी घेतली तर ती १,०८० च्या घरात जाते, तिचे वर्गमूळ ३३, म्हणजे चढउतार अवघा ३ टक्के. म्हणून मिनिटाच्या नोंदीत ७० टक्के वाढ दिसली तरी ती अर्थहीन असू शकते आणि तासाच्या सरासरीत १५ टक्के वाढ दिसली तरी ती खरी असू शकते. ज्या नकाशावर सरासरीचा कालावधी निवडता येतो, तेथे किमान दहा मिनिटांचा आणि शक्यतो तासाचा निवडावा.

केंद्राचा स्वतःचा आलेख

आता मुख्य काम. त्या केंद्राचा मागील तीन-चार आठवड्यांचा आलेख उघडावा आणि त्यात सर्वांत जास्त वेळ कोणती पातळी टिकलेली दिसते ते पाहावे. ती त्या केंद्राची नेहमीची पातळी. जगात बहुतेक ठिकाणी उघड्यावरची नैसर्गिक पातळी ताशी ०.०५ ते ०.२ मायक्रोसिव्हर्टच्या दरम्यान असते, पण या पट्ट्यात केंद्र नेमके कोठे बसते हे तेथील जमीन, इमारत आणि यंत्र ठरवतात. एका केंद्राची नेहमीची पातळी ०.०६ आणि शेजारच्याची ०.१२ असू शकते आणि दोन्ही पूर्णपणे निर्धोक असू शकतात. चिंतेचा विषय आकडा ०.१२ आहे हा नसून, ०.०६ वर राहणारे केंद्र ०.१२ वर का गेले हा असतो.

आलेख सरळ रेषेत नसतो. किनाऱ्यावरच्या केंद्रात दिवस-रात्रीची बारीक लाट दिसू शकते, विशेषतः हिवाळ्यात. जमिनीतील युरेनियमच्या विघटनातून रेडॉन हा वायू सतत बाहेर पडत असतो. रात्री हवा स्थिर असते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, तेव्हा हा रेडॉन जमिनीलगत साचतो. सकाळी ऊन तापून हवा ढवळली आणि खारे वारे सुरू झाले की तो विरळ होतो, कारण समुद्रावरून येणाऱ्या हवेत रेडॉन अत्यल्प असतो. पहाटे किंचित वर आणि दुपारी किंचित खाली अशी ही लय ओळखू येऊ लागली, म्हणजे आलेख वाचता येऊ लागला असे समजायला हरकत नाही.

पाऊस

कोकणात या विषयाचा अर्धा भाग पावसाने व्यापला आहे आणि नकाशावरील बहुतेक घबराटींचे मूळही त्यातच सापडते.

हवेतील रेडॉनचे विघटन होऊन शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ ही किरणोत्सारी द्रव्ये तयार होतात. ती वायुरूप नसतात. धुळीच्या कणांना आणि ढगातील थेंबांना चिकटून राहतात. पाऊस पडला की आकाशात उंचावर पसरलेला हा साठा अल्पावधीत खाली येऊन जमिनीवर, छपरावर आणि यंत्राच्या आसपास गोळा होतो, आणि गॅमा किरण मोजणारे यंत्र वाढ दाखवते. ही वाढ बहुधा काही टक्क्यांपासून निम्म्यापर्यंत असते, क्वचित त्याहूनही अधिक. ती यंत्राची चूक नसून खरीच वाढ असते, पण पूर्णपणे नैसर्गिक असते.

ती ओळखण्याची खूण तिच्या चढणीत नाही, उतरणीत आहे. शिसे-२१४ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे २७ मिनिटांचे आणि बिस्मथ-२१४ चे सुमारे २० मिनिटांचे. पाऊस थांबला की दोन्हींचा मिळून झालेला वाढावा अर्ध्या तासाच्या आसपास निम्मा होतो, पुढच्या अर्ध्या तासात पुन्हा निम्मा, आणि दोन-तीन तासांत आलेख मूळ पातळीवर येतो. अणुभट्टीच्या अपघातातून जमिनीवर येणाऱ्या द्रव्यांची चाल अशी नसते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे, सीझियम-१३७ चे ३० वर्षांचे. अशा द्रव्यांनी वाढलेली पातळी त्याच संध्याकाळी पूर्ववत होत नाही. पाऊस गेल्यावरही आलेख वरच्या पायरीवर टेकून राहतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, मे महिन्याच्या अखेरीस कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवला की दापोलीजवळच्या केंद्रात किरणोत्सार दीडपटीहून अधिक वाढला. नकाशावरील वेळ १२:१० आहे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ५:४०. केंद्राची नेहमीची पातळी ०.०७ आणि त्या क्षणाचा आकडा ०.११. आता हवामान विभागाच्या नोंदी पाहाव्यात. किनाऱ्यावर डहाणू, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी आणि वेंगुर्ला येथे वेधशाळा आहेत, शिवाय मुंबई आणि गोव्याच्या रडारची चित्रे उपलब्ध असतात. त्या संध्याकाळी पाच ते साडेपाच वळवाची जोरदार सर येऊन गेल्याचे दिसले, तर पुढचे आकडे कसे असायला हवेत ते आधीच लिहून ठेवता येते: ०.०७ च्या वरचा वाढावा ०.०४ आहे, म्हणून अर्ध्या तासाने आकडा ०.०९ च्या जवळ, तासाभराने ०.०८ च्या जवळ आणि दीड तासाने ०.०७५ च्या जवळ. प्रत्यक्ष आलेख साधारण याच वाटेने उतरला, तर विषय संपला. या सबंध प्रसंगात त्या जागी उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाला मिळालेली जादा मात्रा ०.०४ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास भरते, म्हणजे त्याच जागी एरवी अर्ध्या-पाऊण तासात जेवढी मिळते तेवढीच.

वळवाचे उदाहरण मुद्दाम घेतले. मृगाच्या आधीच्या त्या पावसात बहुधा जमिनीवरून आलेली, रेडॉन घेऊन आलेली हवा असते, त्यामुळे आलेखातील उसळी ठळक दिसते. जून-जुलैत नैर्ऋत्येचे वारे हजारो किलोमीटर समुद्रावरून प्रवास करून येतात. तो पाऊस कितीही कोसळला तरी त्यात रेडॉनची अपत्ये, म्हणजे त्याच्या विघटनातून तयार झालेली द्रव्ये, कमी असतात, म्हणून उसळ्या लहान होतात. त्याच वेळी मातीची छिद्रे पाण्याने भरल्यामुळे जमिनीतून रेडॉन बाहेर पडणे मंदावते आणि ओली माती व भातखाचरांत साचलेले पाणी खालून येणारे गॅमा किरण अंशतः अडवते. परिणामी ऐन पावसाळ्यात नेहमीची पातळीच काही टक्क्यांनी खाली बसू शकते आणि ऑक्टोबरात जमीन सुकत जाईल तशी ती पुन्हा चढते. ही महिन्याभराची सावकाश चढण पाहून ‘गणपतीनंतर किरणोत्सार वाढत चालला आहे’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. शक्य असेल तेथे यंदाच्या ऑक्टोबरची तुलना मागच्या ऑक्टोबरशी करावी.

जमीन, चिरा आणि काळी वाळू

कोकणाचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर वसलेला आहे. ग्रॅनाइटच्या मानाने बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही तिन्ही कमी असतात, त्यामुळे येथील नैसर्गिक पातळी जगाच्या पट्ट्यात खालच्या बाजूला असणे अपेक्षित आहे. सड्यावरच्या जांभ्याची गोष्ट थोडी निराळी. हजारो वर्षांच्या पावसाने त्यातील पोटॅशियम वाहून गेलेले असते, थोरियम मात्र सहजासहजी विरघळत नसल्यामुळे मागे राहते. म्हणून कातळावर, चिऱ्याच्या घरात आणि सुपारीच्या बागेत घेतलेल्या तीन नोंदी सारख्या येणार नाहीत. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात बेसाल्टपेक्षा जुने, ग्रॅनाइटच्या जातीचे खडक उघडे पडलेले आहेत, तेथे आणखी फरक पडू शकतो. होडी किनाऱ्यापासून दूर गेली की खालची जमीन नाहीशी होते आणि जवळजवळ केवळ आकाशातून येणारे विश्वकिरणच उरतात. समुद्रसपाटीला त्यांचा वाटा ताशी ०.०३ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असतो.

रत्नागिरीच्या परिसरातील पुळणींवरची काळी वाळू हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न. ही वाळू मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोह असलेल्या जड खनिजांमुळे काळी दिसते आणि ही खनिजे स्वतः किरणोत्सारी म्हणून ओळखली जात नाहीत. केरळात कोल्लम जिल्ह्यातील चवरा-नींडकरा किनाऱ्याची पातळी जास्त आहे ती मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजामुळे. तेथील करुनागपल्ली भागातील रहिवाशांचा दीर्घकाळ अभ्यास झाला असून, त्यात या नैसर्गिक किरणोत्सारामुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळलेले नाही. केरळच्या किनाऱ्याचा आकडा रत्नागिरीच्या वाळूच्या छायाचित्राला जोडून पाठवणाऱ्याने वाळूचा रंग पाहिलेला असतो, खनिज नाही.

एकट्या केंद्राची उसळी

पाऊस नसताना एखाद्याच केंद्रात तीव्र उसळी आली आणि आसपासची केंद्रे शांत राहिली, तर कारण बहुधा त्या यंत्राच्या काही मीटरांत असते. टेक्नेशियम-९९एम देऊन तपासणी केलेला रुग्ण रुग्णालयातून घरी जाताना यंत्राजवळून गेला तरी नोंद होते. या द्रव्याचे अर्धायुष्य ६ तासांचे आहे. थायरॉइडच्या उपचारासाठी आयोडीन-१३१ घेतलेल्या रुग्णाच्या बाबतीत असे अनेक दिवस घडू शकते. पाइपलाइनचे किंवा टाकीचे जोड तपासण्यासाठी उद्योगांत इरिडियम-१९२ वापरतात, आणि अशी तपासणी जवळपास चालू असेल तर आलेखात ती चालू असेपर्यंत काठी उभी राहिल्यासारखी रेषा दिसते. केंद्राच्या देखभालीत यंत्रासमोर मुद्दाम किरणोत्सारी नमुना धरून ते बरोबर चालते का हे पाहतात, तीही उसळी नकाशावर येऊ शकते.

याउलट, हवेतून पसरणारा ढग एकाच जागी थांबत नाही. तो वाऱ्याच्या दिशेने एकामागून एक केंद्रांवरून जातो. म्हणून खऱ्या प्रसंगात वाढीच्या वेळा वाऱ्याच्या वेगाशी जुळतात. कोकणात केंद्रे विरळ असल्यामुळे ही कसोटी नेहमी वापरता येत नाही, तेव्हा घाटावरची केंद्रेही पाहावीत.

सरकारी जाळेही फसू शकते, याचे उदाहरण चेर्नोबिलचेच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन फौजा त्या परिसरात शिरल्यावर तेथील स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी अचानक उसळल्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ताशी ९.४६ मायक्रोसिव्हर्टपर्यंतच्या नोंदींचा उल्लेख करून ही पातळी कमीच असल्याचे सांगितले. रणगाड्यांनी दूषित माती उडवल्यामुळे असे झाले, हे स्पष्टीकरण तेव्हा जगभर छापून आले. पुढे काही संशोधकांनी नोंदी तपासून मातीचे स्पष्टीकरण पटण्यासारखे नसल्याचे आणि बिनतारी यंत्रणेतील व्यत्ययाची शक्यता विचारात घ्यावी लागेल असे मांडले.

गुणाकार

वर्षात ८,७६० तास असतात. ताशी ०.०८ मायक्रोसिव्हर्टला या संख्येने गुणले की वर्षाला सुमारे ७०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे ०.७ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाला मिळणाऱ्या मात्रेची जागतिक सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मानली जाते, पण तिचा अर्ध्याहून अधिक भाग श्वासावाटे जाणाऱ्या रेडॉनचा आणि त्याच्या अपत्यांचा असतो. तो नकाशावरच्या आकड्यात पुरता येत नाही. म्हणून ०.७ आणि २.४ यांची थेट तुलना करू नये.

सामान्य नागरिकासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा ऐकिवात असते. ती अणुकेंद्रांसारख्या स्रोतांमुळे नैसर्गिक पातळीच्या वर पडणाऱ्या भरीची मर्यादा आहे, एकूण मात्रेची नव्हे, आणि वैद्यकीय तपासण्याही तीत धरलेल्या नाहीत. केंद्राचा आकडा ताशी ०.१२ दिसतो, त्याचे वर्षाला १ मिलिसिव्हर्टहून जास्त होते, म्हणून मर्यादा ओलांडली, हा युक्तिवाद त्यामुळेच टिकत नाही. शिवाय गुणाकार करताना उसळीचा आकडा ८,७६० ने गुणू नये. दोन तासांच्या वाढीला दोन तासांनीच गुणावे. विमानात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर दर तासाला काही मायक्रोसिव्हर्ट मिळतात, हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले की दशांशाच्या दुसऱ्या घरातील फरकांचे वजन कळते.

नकाशाला काय दिसत नाही

ही केंद्रे प्रामुख्याने गॅमा किरण मोजतात. ट्रिटियम आणि स्ट्रॉन्शियम-९० यांतून बीटा कण निघतात आणि ते अशा नकाशावर जवळजवळ उमटत नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून फुकुशिमाचे प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडले जाऊ लागले, तेव्हा त्याचा परिणाम गॅमाच्या नकाशावर शोधणे व्यर्थ होते; त्यासाठी पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासावे लागतात. २०१७ च्या शरद ऋतूत युरोपातील अनेक देशांत हवेच्या गाळण्यांवर रुथेनियम-१०६ सापडले, पण त्याचे प्रमाण इतके अल्प होते की मात्रेचे नकाशे शांतच राहिले. मासळी, तांदूळ किंवा विहिरीचे पाणी यांविषयीचा प्रश्न नकाशाला विचारू नये. आपल्याकडे अणुप्रकल्पांच्या परिसरातील अशा नमुन्यांची तपासणी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा करतात.

सर्व कारणे बाद झाल्यावर

पाऊस नाही, उतरण अर्ध्या तासाच्या चालीची नाही, वाढ अनेक केंद्रांत आहे आणि ती टिकून आहे, असे दिसले तर मात्र गांभीर्याने घ्यावे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आणीबाणीसाठी जमिनीपासून एक मीटर उंचीवरील काही पातळ्या सुचवल्या आहेत. नैसर्गिक पातळीच्या वर ताशी १ मायक्रोसिव्हर्ट झाल्यास उघड्यावरचा भाजीपाला, पावसाचे साठवलेले पाणी आणि बाहेर चरणाऱ्या जनावरांचे दूध यांवर तपासणी होईपर्यंत निर्बंध घालावेत. सुरुवातीच्या दिवसांत ताशी १०० मायक्रोसिव्हर्ट झाल्यास लोकांच्या तात्पुरत्या स्थलांतराचा विचार व्हावा. ताशी १,००० झाल्यास तातडीने स्थलांतर. या पायऱ्यांशेजारी वळवाच्या ०.०४ ची वाढ ठेवून पाहावी.

असे आकडे दिसल्यास नोंदीचा फोटो काढून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी १०७७ या क्रमांकावर संपर्क साधावा आणि अधिकृत सूचना येईपर्यंत घरात राहून दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. आयोडीनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्या केवळ किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइडचे रक्षण करतात आणि वेळ साधून घेतल्या तरच उपयोगी पडतात. जखमेवर लावायचे टिंक्चर आयोडीन पिणे तर सरळ घातक आहे.

स्वतःचे यंत्र लावायचे असेल तर

नकाशावरची रिकामी जागा भरून काढण्याची इच्छा अनेकांना होते आणि ती चांगलीच आहे, पण किनाऱ्यावर एक अडचण डोंगराळ भागापेक्षा मोठी असते, ती दमट आणि खाऱ्या हवेची. गायगर-म्युलर नळीला सुमारे ४०० व्होल्ट दाब लागतो. सर्किटवर मीठ आणि ओल बसली की त्या दाबाची गळती होऊन किरण नसतानाही ठोके पडू लागतात. पावसाळ्यात हळूहळू वाढत जाणारी, दिवसरात्र न उतरणारी पातळी दिसली, तर आधी यंत्र उघडून कोरडे करावे, सिलिका जेलची पुडी बदलावी आणि मगच आकाशाकडे बोट दाखवावे. यंत्र पाणी न शिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावे, चिऱ्याच्या भिंतीपासून काही मीटर दूर, मोकळ्या जमिनीवर एक मीटर उंचीला टांगावे; पागोळ्यांखाली टांगू नये, कारण छपराचे सगळे पाणी तेथे गोळा होते आणि पावसातील बिस्मथची उसळी फुगून दिसते. लाइट गेल्यावर आलेखात खंड पडू नये म्हणून बॅटरीची सोय असावी. नकाशावर नोंदणी करताना टिपणाच्या रकान्यात नळीचा प्रकार, उंची, खाली कातळ आहे की माती आणि यंत्र उघड्यावर आहे की आडोशाला, एवढे लिहावे. ही माहिती नसलेल्या ठिपक्याचा आलेख दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही.